आत्याच्या ट्रंकेतले नट-नट्या: सिनेमाच्या जुन्या चोपड्या आणि फोटो कसे ओळखावेत, कसे सांभाळावेत

इंदूरच्या रामबागेतलं आमचं जुनं घर गेल्या वर्षी रिकामं केलं, तेव्हा माळ्यावरून आत्याची ट्रंक खाली आली. हिरव्या पत्र्याची, कडीला सुतळी बांधलेली. मला वाटलं, गोधड्यांसाठी ठेवलेली जुनी लुगडी असतील. निघाल्या सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या, हँडबिलं, मासिकांतून कापलेले नट-नट्यांचे फोटो आणि तळाशी सिगरेटच्या डब्यात फिल्मचे तुकडे. आत्या आज अठ्ठ्याऐंशीची आहे. शाळेत असल्यापासून लग्न होऊन जाईपर्यंत हे सगळं तिनं जमवलं आणि घरात कोणाला पत्ता लागू दिला नाही. आजोबांच्या राज्यात सिनेमाचं नाव काढलं तरी जेवण बंद व्हायचं.

मी एकोणतीस वर्षं बँकेत कॅशियर होते. जुना, मळका, फाटका कागद कसा धरायचा हे मला तिथं कळलं. तरी या ट्रंकेत मी बऱ्याच चुका केल्या. त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितेय.

पहिल्या दिवशी काही लावायला घेऊ नका

मी नेमकं तेच केलं. पहिल्याच संध्याकाळी दिलीपकुमारचा गठ्ठा, मधुबालाचा गठ्ठा, देव आनंदचा गठ्ठा असं पत्ते लावल्यासारखं लावून मोकळी झाले. आत्यानं वेणीच्या लाल-निळ्या रिबिनींनी जुड्या बांधल्या होत्या, त्या मी सोडून टाकल्या. दुसऱ्या दिवशी एक चोपडी उलटी पडली आणि मागे पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं: "दु. ३ चा खेळ. कु. बरोबर. घरी – गीतापाठ." म्हणजे कुणा कु. नावाच्या मैत्रिणीबरोबर दुपारचा खेळ पाहिला आणि घरी गीतापाठाला गेल्याचं सांगितलं! बहुतेक चोपड्यांच्या मागे असं काहीतरी आहे. एकेक जुडी म्हणजे शाळेचं एकेक वर्ष होतं, आणि ते मी मोडून बसले होते.

मधुबालाचा फोटो कुठंही मिळेल. तो घेऊन तुमची आत्या कोणाबरोबर कुठे गेली होती, हे मात्र तुमच्याच ट्रंकेत असतं. म्हणून झाकण उघडलं की आधी मोबाईलनं वरून फोटो काढा. एक थर उचला, पुन्हा फोटो. जुडी असेल तर ती बांधलेली असतानाच काढा. मग प्रत्येक वस्तूला नंबर द्या. तो मागच्या बाजूला, कोपऱ्यात, मऊ २बी पेन्सिलीनं, काचेवर किंवा फरशीवर ठेवून, अगदी हलक्या हातानं. बॉलपेन नको. त्याचा दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो आणि शाई काही वर्षांनी पाझरते. सगळ्याची वहीत नोंद झाली की मग खुशाल नट-नट्यांचे गठ्ठे लावा. नंबरांमुळे मूळ क्रम कधीही परत जुळवता येतो.

हात स्वच्छ धुऊन कोरडे करा. कागदाला हातमोजे नकोत, त्यानं बोटांना अंदाज राहत नाही आणि कडा फाटतात. फोटोंना मात्र सुती मोजे हवेत, नाहीतर बोटांचे ठसे चकचकीत भागावर कायमचे बसतात. आणि बोट जिभेला लावून पान उलटायची सवय असेल तर ती सोडा. कॅशियरला ती सोडायला किती त्रास होतो हे मला विचारा.

पिना, कसर आणि सेलोटेप

चोपडी म्हणजे चार ते बारा पानांची पातळ पुस्तिका. टॉकीजच्या दारात आणा-दोन आण्यांना मिळायची. वर नायक-नायिकेचे चेहरे, आत नावांची यादी, अर्ध्यात सोडून दिलेलं 'कथासार' (पुढचं पडद्यावर पाहा!) आणि गाणी. गाणी हिंदी-उर्दूत, बरेचदा गुजराती किंवा रोमन लिपीतही. मधोमध लोखंडी पिना मारलेल्या. त्या गंजतात आणि भोवतीचा कागद बिस्किटासारखा होतो.

नोटांच्या गड्ड्यांना पिना मारणं रिझर्व्ह बँकेनं २००१ मध्ये बंद करायला लावलं, तोवर आम्ही रोज शेकड्यानं पिना उपसायचो. चिमट्यानं खसकन ओढायच्या, की नोटेला भोक. चोपडीला ते करू नका. मधलं पान उघडा. पिनेच्या वाकलेल्या पायांखाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवा (मी दुधाच्या पिशवीची कापून घेते), म्हणजे कागदाला धक्का लागत नाही. बोथट सुरीनं एकेक पाय सरळ उभा करा. मग चोपडी पालथी करून पिन बोटांनी हळूच बाहेर घ्या. गंज कागदाला चिकटला असेल तर ओढायचं नाही, पट्टी मागे-पुढे सरकवत राहायचं. एका चोपडीला मला वीस मिनिटं लागली, एकीला पाऊण तास. पिनेच्या जागी त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून सैल गाठ मारली की झालं.

कसर लागलेली दिसली, म्हणजे कागदावर नागमोडी कुरतडलेलं किंवा ती चंदेरी, चपळ किडी, तर तो गठ्ठा इतरांपासून लगेच वेगळा करा. पॉलिथिनच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, तोंड टेपनं बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक पूर्ण दिवस उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव धरतं. आमच्या घरात तेव्हा हिवाळ्याचे मटार सोलून ठेवलेले होते आणि सूनबाईंनी राज कपूरला मटारांशेजारी ठेवायला आधी साफ नकार दिला. मग डबल पिशवीवर तडजोड झाली. डांबराच्या गोळ्या कागदाला टेकवून ठेवू नका. कडुलिंबाचा पाला पानांमध्ये घालू नका, डाग पडतात. पाल्याचा आकार उमटलेली एक चोपडी माझ्याकडे आहे.

सेलोटेप अजिबात नाही. लॅमिनेशनही नाही. लॅमिनेशनबद्दल मी तळमळून सांगतेय, कारण सुरैयाचं एक मुखपृष्ठ फार जीर्ण होतं म्हणून मी ते एका दुकानात देऊन आले. गरम रोलरमधून निघालं तेव्हा रंग तपकिरी झाला होता आणि आत दोन बुडबुडे अडकलेले, एक नेमका नाकावर. आता ते कधीच सोडवता येणार नाही. मागे आत्यानं काय लिहिलं होतं तेही मी उतरवून घेतलं नव्हतं.

नव्वदीच्या आधीचे ते चिकट पानांचे अल्बम घरात असतील, तर त्यातले फोटो नखानं उचकटू नका. दात साफ करायचा बारीक दोरा, डेंटल फ्लॉस, फोटोखाली घालून करवतीसारखा हळूहळू पुढे नेला की फोटो सुटतो.

आणि आता तो सिगरेटचा डबा. प्रोजेक्टरवर तुटलेल्या फिल्मचे तुकडे टॉकीजची पोरं विकायची. आमचे बाबा आणि त्यांचे मित्र ते खोक्यात घालून, आरशानं ऊन पाडून भिंतीवर 'सिनेमा' दाखवायचे. गंमत खरी, पण साधारण १९५१ पर्यंतच्या ३५ मिलिमीटरच्या फिल्मचा पाया बहुधा नायट्रेटचा असतो. ती भयंकर पेट घेते आणि पेटली की पाण्यानंही विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातूनच निघतो. तुकड्याची कड उजेडात धरा. रोमन अक्षरांत 'सेफ्टी' छापलेलं दिसलं तर काळजी नाही. दिसलं नाही, तुकडा चिकट झालाय, पिवळसर भुकटी सुटतेय किंवा उग्र वास येतोय, तर तो कागदांपासून, स्वयंपाकघरापासून आणि उन्हापासून लांब, हवा खेळेल अशा जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. काडी लावून खात्री करायला जाऊ नका. घट्ट झाकणाच्या डब्यात तर नकोच. आत्याच्या ट्रंकेत ते तुकडे नेमके तसेच सत्तर वर्षं होते, आमचं नशीब थोर.

साल कसं काढायचं

चोपडीवर बरेचदा साल नसतं. पण साल लपलेलं असतं.

किंमत आधी पाहा. आणे असतील तर ती १ एप्रिल १९५७ च्या आधीची, फार तर त्याच्या आसपासची. 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४, कारण १ जून १९६४ पासून 'नया' गळाला. हँडबिलं आणि तिकिटांचे तुकडे आमच्याकडे आणखी एक खूण देतात. त्यांवर 'होळकर स्टेट' असेल तर १९४८ च्या आधीचं. 'मध्यभारत' असेल तर १९४८ ते १९५६. 'मध्यप्रदेश' असेल तर १ नोव्हेंबर १९५६ नंतरचं. एक जुडी मी निव्वळ यावर लावली.

मग कंपनीचं नाव. बॉम्बे टॉकीज १९३४ पासून, राजकमल १९४२ पासून, आर. के. १९४८ पासून आणि नवकेतन १९४९ पासून. प्रभात पुण्यात आली १९३३ मध्ये, त्याआधी कोल्हापूर. पत्ता कोल्हापूरचा असेल तर हातात फार जुना ऐवज आहे, जपा.

नावांच्या यादीत फसगत होते ती दोन प्रकारांनी. एक, तेच नाव घेऊन सिनेमे पुन्हा पुन्हा आले. 'देवदास' सैगलचाही आहे आणि दिलीपकुमारचाही. मुखपृष्ठ फाटलेलं असलं तर बिमल रॉय हे नाव शोधा. छायाचित्रणात सापडलं तर तो १९३० च्या दशकातला सैगलचा, दिग्दर्शनात सापडलं तर १९५५ चा. वीस वर्षांपूर्वी ज्याचा कॅमेरा धरला, तोच सिनेमा त्यांनी स्वतः परत केला.

दुसरं, माणसांची नावंच बदलत गेली. १९४७ च्या 'नीलकमल'मध्ये राज कपूरसमोर 'मुमताज' असं नाव दिसलं, तर ती १९६० च्या दशकातली मुमताज नव्हे, ती मधुबाला. खरं नाव मुमताज जहाँ, आणि त्यानंतर पडद्यावर ती मधुबालाच झाली. 'बेबी मीना' म्हणजे मीनाकुमारी. दिलीपकुमार युसुफ खान, नर्गिस फातिमा रशीद हे सगळ्यांना माहीत असतं. पण उषा किरण मूळच्या उषा मराठे, शोभना समर्थ मूळच्या सरोज शिलोत्री, ललिता पवार मूळच्या अंबू सगुण आणि 'पिंजरा'वाल्या संध्या मूळच्या विजया देशमुख, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. जॉनी वॉकर तर आपला इंदूरचाच, बद्रुद्दीन काझी. मुंबईत बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर होता. गुरुदत्तनं त्याला व्हिस्कीवरून नाव दिलं.

गायकांवर मात्र विसंबू नका. चाळीशीच्या दशकातल्या पुष्कळ चोपड्यांत गीतकार असतो, संगीतकार असतो, गाणारा नसतो. १९४९ च्या 'महल'च्या पहिल्या रेकॉर्डींवर गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं, आणि ते तर सिनेमातल्या पात्राचं नाव! लोकांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं तेव्हा लताबाईंचं नाव बाहेर आलं. आत्याच्या त्या चोपडीवर छापील नाव नाहीच, पण पहिल्या गाण्याशेजारी पेन्सिलीनं ठसठशीत लिहिलंय: "लता. आपल्या शीख मोहल्ल्यातली." लताबाईंचा जन्म १९२९ चा, तिथलाच. या अक्षरावर मी खिळल्यासारखं बोट ठेवून बसले होते.

सिनेमाचं नाव कळलं की पडताळणीला हरमंदिरसिंग 'हमराज' यांचा हिंदी फिल्म गीतकोश आहे. दहा-दहा वर्षांचे खंड आहेत. कंपनी, कलाकार, गाण्यांचे मुखडे, सगळं आहे. नेटवर दिसलं म्हणून वहीत पक्कं लिहू नका. मी तीन ठिकाणी पेन्सिलीनं लिहिलेलं खोडलंय.

चेहरा ओळखताना

कापलेल्या फोटोंना नाव नसतं. इथं सगळ्यात उपयोगी निघाल्या ललिता पवार. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड फार जोरात बसली, चेहऱ्याला लकवा आला आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. त्याआधी त्या नायिका होत्या. तेव्हा दोन्ही डोळे सारखे असलेला फोटो हा आधीचा, आणि खाष्ट सासू नंतरची. त्यांचा डावा डोळा म्हणजे आपल्या उजव्या हाताचा. एका फोटोत बारीक डोळा माझ्या डाव्या हाताला येत होता. पदरही उजव्या खांद्यावर. मला आधी वाटलं, मीच चुकतेय. मग लक्षात आलं, छापताना ब्लॉकच (फोटोचा छपाईचा ठसा) उलटा झालाय. तेव्हापासून मी प्रत्येक फोटोत पदर, भांग आणि हातातलं घड्याळ पाहते. पदराचं एक लक्षात ठेवा: आपल्या इंदुरात अर्ध्या बायका सीधा पल्ला घेतात, तो उजव्याच खांद्यावरून पुढे येतो. नटीही गुजराती, मारवाडी भूमिकेत घ्यायच्या. एकट्या पदरावर निकाल देऊ नका.

कपाळावर कापलेल्या बटा दिसल्या की साधना, आणि साल १९६० किंवा पुढचं. 'लव्ह इन शिमला'त तिचं रुंद कपाळ झाकायला त्या कापल्या आणि देशभर 'साधना कट' झाला. याचा उपयोग घरच्या फोटोंनाही होतो. आईच्या एका फोटोची तारीख आम्ही त्या बटांवरूनच काढली.

मुखपृष्ठ रंगीत म्हणून सिनेमा रंगीत समजू नका. काळ्या-पांढऱ्या फोटोवर हातानं रंग चढवून छापायचे, म्हणून ओठ जरा ओठांबाहेर गेलेले दिसतात. साबणाची जाहिरातही टाकू नका. लक्सच्या जाहिरातीत आलेली पहिली भारतीय नटी लीला चिटणीस, १९४१ मध्ये. अशा कापलेल्या जाहिरातीच्या मागच्या बाजूला बरेचदा मासिकाचा महिना सापडतो.

जुडीतली एक चोपडी कमी होती म्हणून मी ती विकत घ्यायला गेले आणि चारशे रुपयांना नकली घेऊन आले. विक्रेत्याचं नाव सांगत नाही, दोष माझ्या घाईचा. घरी येऊन नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली धरली, तर कागद चमचमला. जुना कागद त्या दिव्याखाली मेल्यासारखा निस्तेज दिसतो. दुसरी परीक्षा सराफ्यात मिळणाऱ्या दहापट भिंगाची. जुन्या छपाईत फोटो ठिपक्यांचा असतो, पण अक्षरं अखंड, काळी, कडा दबलेल्या. बोट फिरवलं तर खोलगट लागतात. नकलीत अक्षरंसुद्धा ठिपक्यांचीच बनलेली दिसतात, कारण ती फोटोचा फोटो असते.

आत्याला कसं विचारायचं

"हा कोण?" असं विचारलं की म्हातारं माणूस परीक्षेला बसल्यासारखं घाबरतं आणि तोंडाला येईल ते नाव सांगतं. आत्यानं मला नलिनी जयवंतला सुरैया सांगितलं आणि वर "सुरैयाच गं, मला काय विचारतेस!" असा दमही दिला. मग मी पद्धत बदलली. सकाळी पोहे झाले की एकच चोपडी तिच्या हातात द्यायची आणि आपण गप्प बसायचं. चेहऱ्यावर ती अडते. गाण्याच्या मुखड्यावर नाही. पहिली ओळ वाचली की पुढची चाल तिच्याकडून येते आणि चालीबरोबर बाकीचं. टांगा कोणाचा होता, बाल्कनीला किती पडायचे, मध्यंतरात शेंगदाणे कोणी आणले. एका वेळी वीस मिनिटं, जास्त नाही. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा, पण आधी विचारून. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न फिरवून विचारा. दोन्ही वेळा तेच आलं तर वहीत शाईनं लिहा.

'कु.' कोण, हे मात्र तिनं अजून सांगितलेलं नाही. "होती एक," म्हणते आणि चष्मा काढून ठेवते.

ठेवायचं कसं

पीव्हीसीच्या, वास येणाऱ्या पिशव्या नकोत, शाई त्यांना चिकटते. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशव्या किंवा आम्लरहित कागदाची पाकिटं घ्या. चित्रकलेच्या सामानाच्या मोठ्या दुकानात मिळतात. चोपड्या आडव्या ठेवा, वीस-पंचवीसच्या वर थप्पी नको. ट्रंक जमिनीला टेकवू नका, खाली विटा घाला. बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब. स्कॅन करताना ६०० डीपीआयवर, आणि प्रत्येक वस्तूच्या दोन फाइली: '०१४-पुढे' आणि '०१४-मागे'. कोरी दिसली तरी मागची करा, पेन्सिल पुसट झाली असेल तर स्कॅन गडद केल्यावर उमटते. मला अशा अकरा ओळी सापडल्या.

सांभाळायला पुढे कोणी नसेल तर कबाड्याला द्यायच्या आधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारा. १९६४ पासून ते असंच साहित्य जमवताहेत. फक्त देताना मागच्या बाजूच्या नोंदींची प्रत बरोबर द्या.

पाऊस सरल्यावर, कोजागिरीच्या सुमारास, ट्रंक उघडून सावलीत वारा द्यायचा. आमची यंदा पहिली वेळ. आत्यानं रिबिनी परत मागितल्या आहेत. मी त्या धुऊन, इस्त्री करून, वेगळ्या पाकिटात घातल्या आहेत, नंबर १ म्हणून.